पोस्टग्रेसच्या चाचण्यांची जडणघडण

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कोडसोबत चाचण्यांचा जो संच येतो, त्यातल्या एका तक्त्यात शेरन, सॅम आणि बिल असे तीन नोकर आहेत. शेरनचा साहेब सॅम, सॅमचा साहेब बिल आणि बिलची साहेब पुन्हा शेरन. शेरनचा पगार १,००० आहे. तो बाराने गुणून वार्षिक पगार दाखवणारा एक व्ह्यू आहे आणि त्यातून १२,००० हाच आकडा यायला हवा. आला नाही, तर कोडमध्ये कुणीतरी काहीतरी मोडले असे समजायचे. साहेबांचा हा गोल फेरा कुणालाच खटकत नाही, कारण या तक्त्याचा खऱ्या कचेरीशी काही संबंध नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या काळापासून तो चालत आला आहे आणि आजही रोज जगभर असंख्य वेळा तपासला जातो.

मायकेल स्टोनब्रेकर यांनी इंग्रेस या आपल्या आधीच्या डेटाबेसनंतर १९८६ मध्ये बर्कलीत पोस्टग्रेस हा संशोधन प्रकल्प हाती घेतला. ४.२ या आवृत्तीनंतर, १९९४ मध्ये, विद्यापीठाने तो थांबवला. त्याच वर्षी अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल शिकवले आणि ‘पोस्टग्रेस९५’ तयार झाले. १९९६ मध्ये या दोघांना त्यासाठी वेळ उरला नाही, तेव्हा टोरांटोच्या मार्क फोर्नियर यांनी आपला सर्व्हर देऊ केला आणि काम इंटरनेटवरच्या स्वयंसेवकांकडे आले. ब्रूस मोम्जियन फिलाडेल्फियात, वादिम मिखीव सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कला, थॉमस लॉकहार्ट कॅलिफोर्नियात पासाडिनाला. यांपैकी कुणीही तो कोड मुळात लिहिलेला नव्हता. सुमारे अडीच लाख ओळींचा सी भाषेतला परका कोड, लिहिणारे हाताशी नाहीत, आणि दुरुस्ती करणारे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. अशा वेळी आपल्या बदलाने दुसरीकडे काही बिघडले का, हे सांगणारी एकच वस्तू त्यांच्याकडे होती: बर्कलीहून वारशात आलेल्या रिग्रेशन चाचण्या. दस्तऐवज आणि चाचण्या या दोन्हींची बरीच वाढ सुरुवातीला लॉकहार्ट यांनी केली.

या चाचण्यांची पद्धत अगदी साधी आहे. एका फाइलमध्ये एसक्यूएल विधाने असतात आणि दुसऱ्या फाइलमध्ये त्यांची अपेक्षित उत्तरे. सर्व्हर सुरू करायचा, विधाने एकामागून एक चालवायची आणि मिळालेले उत्तर अपेक्षित उत्तराशी अक्षरन् अक्षर ताडून पाहायचे. फरक निघाला तर तो एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवायचा. काय बरोबर आहे हे या पद्धतीला ठाऊक नसते. काल आलेले उत्तरच आज आले का, एवढेच ती पाहते. म्हणून ती पटकन शिकता येते, आणि म्हणूनच एकदा चुकीचे उत्तर अपेक्षित म्हणून नोंदले गेले की ते वर्षानुवर्षे बरोबर ठरत राहते. शिवाय या पद्धतीने बऱ्याच गोष्टी न बोलता गृहीत धरल्या होत्या. सगळी यंत्रे सारखीच वागतात, डेटाबेसशी एका वेळी एकच माणूस बोलतो, सर्व्हर मध्येच पडत नाही, डिस्क खोटे बोलत नाही, आणि विचारण्याजोगे प्रश्न चाचणी लिहिणाऱ्याला आधीच सुचलेले असतात. पुढच्या तीस वर्षांत ही गृहीतके एकेक करून गळून पडली, आणि बहुतेक वेळा तसे लक्षात आले ते बग वापरणाऱ्यांच्या हाती पडल्यानंतरच.

पहिले गृहीतक सर्वात आधी गेले, कारण ते रोजच आडवे येत होते. दशांश आकडे छापताना बहुतेक यंत्रे घातांक दोन अंकांत दाखवत, विंडोज तीन अंकांत. आकडा तोच, पण अक्षरे वेगळी, म्हणून चाचणी नापास. शब्दांचा अनुक्रम यंत्रावरच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे बदले. क्रम सांगितला नसेल तर ओळी कोणत्या क्रमाने याव्यात याचे एसक्यूएलमध्ये बंधन नाही, त्यामुळे तिथेही उत्तरे हलत. यावर उपाय म्हणून एकाच चाचणीसाठी अनेक अपेक्षित उत्तरांच्या फाइली ठेवण्यात आल्या. त्यांपैकी कुठल्याही एकीशी जुळले तरी चालेल. यादृच्छिक आकड्यांच्या चाचणीचे तर वेगळेच होते. ती स्वभावतःच कधीमधी नापास व्हायची, म्हणून चाचण्यांच्या वेळापत्रकात तिच्यापुढे ‘दुर्लक्ष करा’ अशी अधिकृत सूचनाच बरीच वर्षे लिहिलेली होती. जिचा निकाल मानायचाच नाही ती चाचणी चालवायची कशाला, हा प्रश्न रास्त होता. अखेर ती सूचना गेली आणि चाचणीही नव्याने लिहिली गेली.

यंत्रांच्या विविधतेवरचा जुना उपाय म्हणजे माणसे. नवी आवृत्ती जवळ आली की स्वयंसेवकांना हाक घातली जाई: आपापल्या यंत्रावर चाचण्या चालवा आणि कळवा. मग दस्तऐवजात तक्ता छापला जाई. कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, कोणता प्रोसेसर, कुणी कळवले, कोणत्या तारखेला. तोवर महिने उलटलेले असत आणि नेमक्या कोणत्या बदलाने सोलारिसवर गडबड केली हे शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई हुडकणे. २००४ मध्ये अँड्र्यू डन्स्टन यांनी यासाठी ‘बिल्डफार्म’ उभारले. कुणीही आपल्या यंत्रावर एक पर्ल स्क्रिप्ट बसवायची. ती ठरावीक वेळाने ताजा कोड आणते, तो बांधते, चाचण्या चालवते आणि निकाल एका मध्यवर्ती सर्व्हरला पाठवते. प्रत्येक यंत्राला एका प्राण्याचे नाव मिळते. त्यामुळे या मंडळींच्या बोलण्यात ‘प्रेअरीडॉग लाल आहे’, म्हणजे तिथे चाचण्या नापास झाल्या, हे वाक्य अगदी गंभीरपणे येत असे. प्रेअरीडॉग म्हणजे पोस्टग्रेसचे विकसक टॉम लेन यांचा पॉवरपीसी प्रोसेसरचा जुना मॅक. त्यांचेच गौर नावाचे यंत्र त्याहून पुरातन, एचपी-यूएक्सवर चालणारे होते. अशी म्हातारी यंत्रे पाळणे हा निव्वळ छंद नव्हता. वेगवान यंत्रावर दोन कामे नेहमी ठरलेल्या क्रमानेच उरकतात. संथ यंत्रावर तो क्रम कधीतरी उलटतो आणि त्या क्रमावर विसंबलेला कोड उघडा पडतो.

याच सुमारास विंडोजने आणखी एक बदल घडवून आणला. ८.० ही विंडोजवर थेट चालणारी पहिली आवृत्ती जानेवारी २००५ मध्ये आली, पण चाचण्या चालवणारा प्रोग्रॅम होता युनिक्सच्या शेल स्क्रिप्टमध्ये. तो ८.२ आवृत्तीत सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. चाचणीचे साधन स्वतःच एका जातीच्या यंत्रांना बांधलेले असावे, ही विसंगती तोवर कुणी फारशी मनावर घेतली नव्हती.

बिल्डफार्मचा खरा फायदा मात्र यंत्रांच्या संख्येपेक्षा त्यांच्या विचित्रपणात होता. काही यंत्रांवर कोड मुद्दाम छळून चालवला जातो. पोस्टग्रेस तक्त्यांची रचना, फंक्शनांची माहिती वगैरे गोष्टी स्मृतीत जपून ठेवते. दुसऱ्या कुणी तक्ता बदलला तर ती जपलेली माहिती टाकून द्यावी लागते. टाकून देण्याचा क्षण नेमका वाईट जागी आला तर कोड मोकळ्या झालेल्या स्मृतीला हात घालतो. प्रत्यक्षात असा योग लाखात एकदा यावा. तेव्हा एका खास पर्यायाने ही माहिती शक्य तेवढ्या प्रत्येक संधीला फेकून दिली जाते. याने चाचण्या शंभरपट किंवा त्याहून अधिक संथ होतात, आणि एका फेरीला कित्येक दिवस लागतात. जॅग्वार आणि हायरॅक्स नावाची यंत्रे हेच काम करत बसत. स्किंक हे यंत्र व्हॅलग्राइंड या साधनाखाली स्मृतीचा प्रत्येक वापर तपासते. यामुळे एक खोलवरचा वाद मात्र कायम राहिला. नवी चाचणी घालायची म्हटली की ती सगळ्या यंत्रांवर, संथ यंत्रांवरसुद्धा, रोज चालणार. म्हणून चाचण्या लांबू नयेत असा जुन्या कमिटरांचा, म्हणजे मूळ कोडमध्ये बदल घालण्याचा अधिकार असलेल्यांचा, आग्रह असे. कोडचा जास्तीत जास्त भाग तपासला जावा असे नव्या मंडळींना वाटे. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते, पण २०१३ पासून जे घडले ते पाहता काटकसर जरा जास्तच झाली होती असे म्हणावे लागते.

एका वेळी एकच माणूस बोलतो, हे गृहीतक २०११ मध्ये सुटले. ९.१ आवृत्तीत ट्रान्झॅक्शन खऱ्या अर्थाने अनुक्रमिक वाटावीत अशी नवी व्यवस्था आली. तिच्यामागे होते केव्हिन ग्रिटनर आणि एमआयटीचे डॅन पोर्ट्स. ग्रिटनर विस्कॉन्सिन राज्याच्या न्यायालयांच्या संगणक विभागात काम करत. दोन सत्रे एकमेकांत मिसळल्यावर काय होते ते तपासायचे, तर एका सरळ रेषेत चालणारी फाइल कुचकामी. म्हणून ‘आयसोलेशन टेस्टर’ आला. त्यात प्रत्येक सत्राच्या पायऱ्या वेगवेगळ्या लिहायच्या आणि साधन त्या सर्व शक्य क्रमांनी चालवून पाहते. दोन सत्रे, प्रत्येकी तीन पायऱ्या, तर २० क्रम. तिसरे सत्र तेवढ्याच पायऱ्यांचे आले की १,६८०. माणसाने बसून हे क्रम लिहिले असते तर त्याला सुचलेले चारपाचच तपासले गेले असते.

सर्व्हर पडतो, ही गोष्ट मात्र चाचण्यांनी फार उशिरा मान्य केली. २०१० मध्ये ९.० आवृत्तीत लॉगच्या, म्हणजे बदलांच्या नोंदींच्या, प्रवाहावर चालणारा दुय्यम सर्व्हर आला आणि त्यावर वाचनाचे प्रश्नही विचारता येऊ लागले. बँका, कंपन्या, सरकारी खाती यावर विसंबू लागली. पण मुख्य सर्व्हर पाडायचा, दुय्यम उभा करायचा, मग तपासायचे, असे आपोआप चालणारे काही कोडसोबत नव्हते. हाताने चालवायच्या थोड्या चाचण्या होत्या, एवढेच. डिसेंबर २०१३ मध्ये ९.३.२ आणि जुन्या शाखांच्या दुरुस्त आवृत्त्या घाईने काढाव्या लागल्या. आधीच्याच छोट्या आवृत्त्यांमध्ये एक बग शिरला होता: दुय्यम सर्व्हर वाचनासाठी खुला होतानाच त्यावरच्या माहितीचे नुकसान होऊ शकत होते. त्याच ९.३ मध्ये तक्त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या ‘फॉरेन की’साठी ओळी लॉक करण्याची पद्धत नव्याने लिहिलेली होती, आणि तिच्यातले दोष निस्तरण्यात पुढची दीड-दोन वर्षे गेली.

२०१५चा प्रसंग त्याहून बोलका आहे. २२ मे रोजी ९.४.२ निघाली. तिच्यात एक शहाणपणाचा बदल होता: सर्व्हर कोसळून पुन्हा उभा राहताना माहितीच्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल डिस्कवर पक्की करून घ्यायची. पण या फोल्डरमध्ये एसएसएल प्रमाणपत्राच्या फाइलीही असतात, आणि त्या सर्व्हरला लिहिता येऊ नयेत अशा ठेवणे हीच चांगली सवय. काही यंत्रणांवर अशी फाइल समोर आली की सर्व्हर चूक दाखवून थांबे, उभाच राहत नसे. सुरक्षेची काळजी घेणारेच अडकले. त्यासाठी ४ जूनला ९.४.३ आणि दुसऱ्या एका दोषासाठी १२ जूनला ९.४.४ काढावी लागली. तीन आठवड्यांत तीन आवृत्त्या. सर्व्हर पाडून पुन्हा उभा करणारी आणि मुद्दाम अशी एक फाइल ठेवणारी चाचणी लिहायला काही ओळी पुरल्या असत्या.

ती लिहायची कशात, हा प्रश्न तोवर सुटत आला होता. २०१४ मध्ये पीटर आयझेनट्राउट यांनी पर्लच्या जगातली ‘टॅप’ पद्धत आणली. सुरुवातीला ती फक्त कमांड लाइनवरून चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांसाठी होती. पर्लमधून सर्व्हर सुरू करता येतो, बंद करता येतो, ठार मारता येतो, त्याची प्रत काढून दुसरा उभा करता येतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिशेल पाक्ये यांच्या पुढाकाराने लॉगवरून सावरण्याच्या आणि दुय्यम सर्व्हरच्या चाचण्या कोडमध्ये आल्या, म्हणजे मूळ सुविधेनंतर पाच वर्षांहून अधिक काळाने. पुढच्या वर्षीच्या १० आवृत्तीत आणखी एक हत्यार मिळाले: लॉगवरून बदल पुन्हा घडवला की मिळणारे पान मुख्य सर्व्हरवरच्या पानाशी तंतोतंत जुळते का, हे दुय्यम सर्व्हरच तपासतो.

प्रश्न माणसालाच सुचावेत, याला पर्याय इतरत्र आधीच शोधला गेला होता. मायक्रोसॉफ्टमध्ये डॉन स्लुट्झ यांनी १९९८ मध्येच यंत्राने रचलेली बेफाम एसक्यूएल विधाने डेटाबेसवर सोडली होती. पोस्टग्रेसला त्याचा लाभ २०१५ पासून झाला, आंद्रेआस सेल्टनराइख यांच्या ‘एसक्यूएलस्मिथ’मुळे. हा प्रोग्रॅम डेटाबेसमधले तक्ते आणि फंक्शने पाहून कुणाही शहाण्या माणसाच्या डोक्यात येणार नाहीत अशी पानभर लांबीची विधाने तयार करतो. त्याने डझनावारी बग काढून दिले. मात्र सर्व्हर कोसळला किंवा कोडमध्ये खात्रीसाठी घातलेली एखादी अट मोडली तरच त्याला कळते. गुपचूप आलेले चुकीचे उत्तर त्याच्या नजरेतून सुटते. ती उणीव झुरिकच्या ईटीएच संस्थेतले मॅन्युएल रिगर आणि झेनडोंग सू यांनी २०२० मध्ये एका चतुर युक्तीने भरून काढली. आधी तक्त्यातली एक ओळ निवडायची, मग तिच्यासाठी खरी ठरेल अशी अट रचायची. उत्तरात ती ओळ नसेल, तर डेटाबेस चुकला.

डिस्कवरचा विश्वास २०१८च्या मार्चमध्ये उडाला. माहिती डिस्कवर पक्की झाली का, असे डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टीमला ‘एफसिंक’ या हाकेने विचारतो. नाही म्हटले तर थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे, असा पोस्टग्रेसचा रिवाज. क्रेग रिंगर यांनी दाखवले की लिनक्स चूक एकदाच सांगतो, मग ते पान स्वच्छ म्हणून नोंदतो, आणि दुसऱ्या हाकेला ‘सगळे ठीक’ असे उत्तर देतो. तेवढ्यावर विसंबून डेटाबेस लॉग पुसून टाकी. फेब्रुवारी २०१९ मधल्या ११.२ पासून अशी चूक येताच सर्व्हर स्वतःच पडतो आणि लॉगवरून नव्याने उभा राहतो. वीस वर्षांहून अधिक काळ सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या, कारण त्या धडधाकट डिस्कांवरच चालत होत्या.

चाचण्या झाल्या म्हणजे चिंता मिटली असे नसते, याचे दाखले आयसोलेशन टेस्टरच्या बाबतीतही मिळाले. २०२० मध्ये काइल किंग्सबरी यांनी ‘जेप्सेन’ या आपल्या तपासणीत १२.३ आवृत्ती घेतली. कुठलीही तार न तोडता, धडधाकट अशा एकाच सर्व्हरवर, ९.१ पासून चालत आलेल्या त्या अनुक्रमिक व्यवस्थेत त्यांना भोक सापडले. नऊ वर्षांचा बग. पीटर गेगन यांनी तो दुरुस्त केला आणि सोबत आयसोलेशन टेस्टरसाठी एक नवी चाचणी जोडली. क्रम सगळे तपासले जात होते. पण हा बग उघडा पाडणारी जोडी तपासायच्या पायऱ्यांमध्येच कधी आली नव्हती.

इंडेक्सच्या बाबतीत एका शोधाचा धागा पुण्याशी जुळतो. पुण्यात पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबी कंपनीचे मोठे केंद्र आहे, आणि तिथे काम करताना पवन देवलसी यांनी ‘हॉट’ ही सुधारणा घडवली, जी २००८च्या ८.३ आवृत्तीत आली. ओळ बदलली पण इंडेक्समधला स्तंभ बदलला नाही, तर इंडेक्सला हात न लावता काम भागवणारी ही युक्ती. पुढे तिच्याच विस्तारावर काम करताना ते ताणाच्या चाचण्या चालवत होते, तेव्हा त्यांना भलतीकडचाच बग सापडला: तक्ता वापरात असताना बांधलेल्या इंडेक्समध्ये काही ओळींच्या नोंदी चुकीच्या पडू शकत होत्या. फेब्रुवारी २०१७ मधल्या ९.६.२ मध्ये तो सुधारला गेला. असे बिघाड उत्तर मागेपर्यंत दिसत नाहीत, म्हणून इंडेक्सची आतली रचना तपासणारा एक जोडप्रोग्रॅम त्याच वर्षीच्या १० आवृत्तीपासून सोबत मिळू लागला. तरीही २०२२च्या जूनमध्ये १४.४ ही आवृत्ती वेळापत्रक मोडून काढावी लागली. वापरात असतानाच इंडेक्स बांधण्याच्या त्याच आज्ञेत, एका वेग वाढवणाऱ्या सुधारणेमुळे, वेगळा बिघाड शिरला होता.

बिल्डफार्मची एक मर्यादा पहिल्यापासून होती: बदल कोडमध्ये गेल्यानंतरच ते बोलते. कमिटर मग आपले नाव लाल यादीत येते का ते पाहत बसतो. थॉमस मुनरो यांच्या ‘सीएफबॉट’ने प्रलंबित पॅच, म्हणजे सुचवलेले बदल, आधीच लावून, बांधून, तपासून पाहायला सुरुवात केली. २०२१च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड यांनी लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस आणि विंडोजवर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांची मांडणी मूळ कोडमध्येच घातली. पॅच लिहिणाऱ्याला आता स्वतःच्या प्रतीवर, कुणाला दाखवण्याआधी, चारही ठिकाणचा निकाल मिळतो.

योगायोगावर विसंबण्याचा भाग तेवढा राहिला होता. दोन प्रक्रिया नेमक्या एका ओळीवर एकमेकींना भिडल्या तरच दिसणारा बग संथ यंत्राच्या कृपेने कधीतरी सापडे, नाहीतर नाही. २०२४ मधल्या १७ आवृत्तीत पाक्ये यांनी ‘इंजेक्शन पॉइंट’ आणले. कोडमध्ये ठरावीक जागी नावे देऊन खुणा ठेवायच्या. चाचणी तिथे प्रक्रियेला थांबवून ठेवू शकते, तोवर दुसऱ्या सत्रात हवे ते उरकते आणि मग पहिलीला सोडते. हवे तर त्या जागी चूकही घडवून आणते. या खुणा वापरणाऱ्यांना मिळणाऱ्या सर्व्हरमध्ये नसतात. कोड बांधताना वेगळा पर्याय दिला तरच त्या जिवंत होतात, आणि तो पर्याय देतात विकसकांची आणि बिल्डफार्ममधली यंत्रे.